नागपूर जिल्ह्यात आज 60+ किती धरायचे? 2011 वरून अंदाज काढण्याची पद्धत हवी

कोराडीनाका:
ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रांचा प्रस्ताव करतोय. शहरातले दोन प्रभाग, शिवाय काटोल आणि कुही तालुका. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 40,67,637 आणि 2011 मध्ये 46,53,570, म्हणजे 14.4 टक्के वाढ. हाच दर पुढे 2027 पर्यंत ताणून त्याला राज्याचं 2011 चं 60+ प्रमाण, 9.9 टक्के, लावलं तर चालेल का? प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात 0-6 सोडून वय दिसतच नाही. प्रभागनिहाय वयोगट कुठे मिळतील?

आकडेमोड्या:
नाही चालणार. त्यात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींना खोडतील असं समजू नका.

पहिली चूक म्हणजे सगळ्या जिल्ह्याला एकच दर. मनपा हद्द 20,52,066 वरून 24,05,665 वर गेली, 17.2 टक्के. ती वजा केली तर उरलेला जिल्हा 20,15,571 वरून 22,47,905, फक्त 11.5 टक्के. त्यातही बुटीबोरी-हिंगण्याचा कारखान्यांचा पट्टा आणि आतला ग्रामीण भाग एका मापाने मोजता येत नाही. जुना दर 2027 पर्यंत तसाच चालवला तर जिल्हा साधारण 57.7 लाख येतो. ही वरची मर्यादा समजा, अंदाज नव्हे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) राज्याचा एकूण प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) 1.7 वर आलाय, म्हणून जुना वेग टिकेल असं धरता येत नाही.

दुसरी चूक गोठवलेलं प्रमाण. खरं तर 60+ चा आकडा एकूण लोकसंख्येपेक्षा सोपा आहे. 2027 मध्ये साठी ओलांडलेला प्रत्येक जण 2011 मध्ये किमान 44 वर्षांचा होता, म्हणजे तेव्हाच मोजला गेलाय (बाहेरून आलेले सोडून). अंशात जन्मदराचा संबंध नाही, तो फक्त छेदात येतो.

जनगणनेचा सी-14 तक्ता घ्या: पाच-पाच वर्षांचे वयोगट, स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी, जिल्हानिहाय. 2001 आणि 2011 दोन्ही. मग 2011 चा 60-64 गट भागिले 2001 चा 50-54 गट. समजा 88,000 भागिले 1,00,000, गुणोत्तर 0.88. मृत्यू आणि स्थलांतर दोन्ही त्यात आले. हे 0.88 आता 2011 च्या 50-54 ला लावा, 2021 चा 60-64 मिळाला. पुढच्या प्रत्येक गटाचं असंच, आणि पुढच्या पायरीला लागतील म्हणून 2011 च्या 40-44 आणि 45-49 चंही. शेवटचा उघडा गट मात्र 80+ भागिले दहा वर्षांपूर्वीचा 70+ असा घ्यायचा, इथे हमखास गडबड होते. तीच गुणोत्तरं वापरून आणखी एक पायरी 2031 पर्यंत जा आणि 2021 ते 2031 मधल्या फरकाचा 6/10 भाग 2021 त मिळवा. आला 2027.

वय माहीत नसलं की लोक 0 किंवा 5 वर संपणारं वय सांगतात. 58-59 ची आजी प्रगणकाला सरळ "साठ" सांगते. त्यामुळे नुसतं 60+ थोडं फुगतं. गुणोत्तरात दोन्ही टोकं सारख्याच अंकाची असल्याने तो दोष बराचसा कटतो. "वय नमूद नाही" ही ओळ टाकून देऊ नका, ती सगळ्या गटांत प्रमाणात वाटा. आणि 2001-11 च्या गुणोत्तराला कोविडची दोन वर्षं माहीत नाहीत. वरच्या वयोगटांत आकडा थोडा खालीच धरा.

दाखलाखिडकी:
वरची पद्धत बरोबर. एक मोह टाळा: मनपाच्या जन्म-मृत्यू नोंदी घेऊन जन्म वजा मृत्यू करणं. 1969 च्या कायद्याप्रमाणे नोंद घटना जिथे घडली तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच नव्हे तर पार शिवनी, छिंदवाडा, बालाघाटहून माणसं येतात. बाळंतपणं आणि मृत्यू दोन्ही नागपूरच्या खात्यावर चढतात. अर्जात कायमचा पत्ता असतो, तो वेगळा काढून मिळाला तरच ही यादी उपयोगाची.

हद्दीचंही बघा. हुडकेश्वर-नरसाळा 2011 नंतर मनपात आलं, तेव्हा पुढच्या जनगणनेत शहराची "वाढ" दिसेल त्यातला काही भाग हद्दवाढीचा असेल. 2017 चे 38 प्रभाग आणि 2011 चे जनगणना वॉर्ड जुळत नाहीत. आणि कुहीत गोसीखुर्दच्या बुडिताखालच्या गावांचं पुनर्वसन झालंय. जुन्या गावाचा आकडा शून्याकडे गेला म्हणजे माणसं संपली असं नाही, नवी गावठाणं शोधा.

यादीभाग_117:
सी-14 तालुका किंवा प्रभागापर्यंत उतरत नाही. तिथे मतदार यादी कामाला येते, प्रत्येक नावापुढे वय असतं. आपल्या प्रभागातले यादी भाग निवडा आणि 60+ मोजा. एक हजार मतदारांत 170 निघाले तर 17 टक्के, पण हे 18+ मधले. त्या भागात 18+ लोक एकूण लोकसंख्येच्या 70 टक्के धरले तर खरं प्रमाण 11.9. हा गुणाकार विसरला की आकडा दीडपट होतो.

मतदारसंघ म्हणजे तालुका नव्हे हे लक्षात असू द्या. काटोल मतदारसंघात नरखेड तालुका येतो, कुही उमरेड मतदारसंघात. गावांच्या नावावरून भाग वेगळे काढावे लागतील. शहरात मयत नावं वर्षानुवर्षं राहतात, म्हणून 85 च्या वरच्या नावांची बीएलओकडून (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) खातरजमा करून घ्या. काटोलकडे उलटा प्रकार: पोराचं नाव गावच्या यादीत, पोरगा हिंजवडीत. यादीत तरुण जास्त दिसतात, गावात म्हातारेच असतात. म्हणजे केंद्राची गरज यादीपेक्षा जास्त.

प्रस्तावात नुसतं 60+ लिहू नका जी, 60-64, 65-69, 70-74, 75+ असे रकाने द्या. एसटीची अर्धी सवलत 65 ला, मोफत प्रवास 75 ला, आयुष्मान कार्ड 70 ला. तपासणारा हाच प्रश्न विचारतो. बायकांचा रकाना वेगळा. 75 च्या पुढे त्याच जास्त आणि त्यांतल्या बऱ्याच एकट्या.

कोराडीनाका:
भारी. सी-14 उतरवून घेतोय. तुलनेसाठी कामठी तालुका घेतला तर?

आकडेमोड्या:
घ्या, पण लष्करी छावणीचा आकडा आधी बाजूला काढा. तिथे 20 ते 40 मधले पुरुष इतके की सगळ्या तालुक्याचं 60+ प्रमाण खाली ओढलं जातं.