हरसूलची पांढरी अळंबी: डीएनए तपासणीत ट्रायकोडर्मा कसा निघाला?

रानवाट_नाशिक
हरसूलजवळच्या गवताळ माळावर पांढरी अळंबी मिळाली. टोपी 14 सेंमी, मधोमध तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं. गावात ‘वारुळावरची’ म्हणतात. वाळवलेल्या टोपीवरून आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) केलं, तर ब्लास्टमध्ये, म्हणजे साठवलेल्या नोंदींशी जुळवून पाहताना, 99 टक्के ट्रायकोडर्मा ही भलतीच बुरशी! चुकलं कुठं? जेलवर (डीएनए लांबीनुसार वेगळं करायच्या थरावर) पट्टा तर एकच आणि स्वच्छ होता.

कल्लेवाला
डीएनए राहू द्या, आधी बीजाणूंचा ठसा. सरकतं कडं आणि खवले ही क्लोरोफायलम मोलिब्डायटिस या अळंबीची लक्षणं. ते विषारी आहे. वारुळावरच्या, म्हणजे टर्मिटोमायसिस या अळंबीच्या, टोपीला बहुधा मधोमध टोकदार उंचवटा असतो आणि देठ मुळासारखा जमिनीत खोल, वाळवीच्या बुरशीबागेपर्यंत (वारुळात वाळवी बुरशी वाढवते तिथवर) जातो. ओढून उपटली की तो भाग तुटतो आणि पुरावाच गेला; खुरप्यानं खोदून काढा.

पूर्ण उमललेली ताजी टोपी, कल्ले (टोपीखालच्या पात्या) खाली, अर्ध्या पांढऱ्या-अर्ध्या काळ्या कागदावर. वर पाण्याचा एक थेंब, त्यावर वाटी पालथी, रात्रभर. ठसा हिरवट आला तर क्लोरोफायलम, फिकट गुलाबी आला तर टर्मिटोमायसिसची शक्यता. कळीचे कल्ले दोन्हींत पांढरेच दिसतात, तिथंच लोक फसतात. वाळलेला नमुना असेल तर कल्ल्याचा कण 3 टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. क्लोरोफायलमचे बीजाणू जाड भिंतीचे, टोकाशी छिद्र. दुसरा कण मेल्झर या आयोडीनच्या द्रावणात ठेवला की ते तांबूस-तपकिरी होतात.

जेलवाली
पट्टा एकच म्हणजे बुरशी एकच, असं नाही. ट्रायकोडर्माचं आयटीएसही साधारण तेवढ्याच लांबीचं, दोन्ही एकाच जागी बसतात. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता का? पावसाळ्यात त्यात काही तासांत घाम धरतो आणि वरून बुरशी चढते. कागदी पिशवी वापरा, त्याच दिवशी 40–45 अंशांवर वाळवा, मग सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे खडे) बंद डब्यात.

तुकडा वरच्या सालीचा नको. टोपी हातानं फाडा, आतला गर चिमट्यानं घ्या (दरवेळी चिमटा ज्योतीत धरून). वाळलेला 10–20 मिग्रॅ पुरतो, जास्त घातला तर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) अडतं. आयटीएस1एफ-आयटीएस4 ही प्रायमरची (प्रती कुठून काढायच्या ते ठरवणाऱ्या छोट्या तुकड्यांची) जोडी ट्रायकोडर्मालाही उचलते. आयटीएस1एफ-आयटीएस4बी लावा, ती बॅसिडिओमायसीट्सपुरती (अळंब्या ज्या गटात येतात त्यापुरती) बेतलेली आहे. शिवाय डीएनए न घातलेली एक नळी हवीच. तिच्यात पट्टा आला तर घाण तुमच्या रसायनात.

रानवाट_नाशिक
पिशवी प्लास्टिकचीच होती. नवा नमुना नीट आला तर ब्लास्टचं पहिलं नाव धरू?

जेलवाली
नको. जेनबँकेत (डीएनए नोंदींचा सार्वजनिक संग्रह) चुकीच्या नावाच्या नोंदी भरपूर. क्वेरी कव्हरेज (आपल्या क्रमाचा किती भाग जुळला) बघा, पहिल्या दहा जुळण्यांत नावं एकच आहेत का ते बघा, मग युनाइट या बुरशींच्या डीएनए संग्रहात पडताळा. टर्मिटोमायसिस निघालं तर एलएसयू हा डीएनएचा दुसरा तुकडाही करा, एलआर0आर-एलआर5 ही प्रायमर जोडी चालते.

कल्लेवाला
आणि त्याच टोपीचा ठसा नि वाळलेला नमुना त्याच क्रमांकानं जपून ठेवा. सिक्वेन्स (डीएनएचा क्रम) हिरवट ठशाशी जुळला नाही, तर ठसा खरा.