डीव्हीडीची प्रत काढताना कोणता आवाज ठेवावा : स्टिरिओ की ५.१?

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका)

नमस्कार. घरी विकत घेतलेल्या चाळीसेक चित्रपटांच्या डीव्हीडी आहेत. शिवाय गावात झालेल्या झाडीपट्टी नाटकांच्या आणि घरच्या लग्नांच्या, त्या वेळी व्हिडिओवाल्याने करून दिलेल्या काही डिस्क आहेत. काही डिस्क आता अडखळू लागल्यामुळे सर्वांच्या प्रती १ टीबीच्या हार्ड डिस्कवर काढायला घेतल्या. हँडब्रेक या प्रती काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रपटाची डिस्क उघडली की बहुधा दोन ट्रॅक दिसतात : एसी-३ या प्रकारातला ५.१ (सहा चॅनेलचा), ४४८ केबीपीएस आणि एसी-३ स्टिरिओ (दोन चॅनेलचा), १९२ केबीपीएस. आमच्याकडे टीव्हीचे दोन स्पीकर एवढीच सामग्री आहे; होम थिएटर आहे ते नागपूरला भाच्याकडे.

पहिल्या तीन प्रती ५.१ चा ट्रॅक निवडून, त्याचा स्टिरिओ करून काढल्या. छपरीत कूलर सुरू असला की त्यांतले संवाद कळत नाहीत, आणि आवाज वाढवावा तर पुढच्याच गाण्याला आई दचकून उठते. डिस्क थेट लावली तर एवढा त्रास होत नाही. चूक कुठे होते आहे, आणि पुढच्या प्रतींसाठी कोणता ट्रॅक घ्यावा?

कापूसकोंडा (यवतमाळ)

चूक आपली नाही, सहाचे दोन करण्याच्या हिशेबातली आहे. ५.१ मध्ये संवाद बहुतांशी मधल्या चॅनेलमध्ये असतात. सॉफ्टवेअर स्टिरिओ करते तेव्हा तो मधला आवाज साधारण ३ डेसिबलने कमी करून डाव्या-उजव्या दोन्हींत मिसळते, मागच्या दोन चॅनेलचा आवाजही त्यातच घालते, आणि सगळे मिळून आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी खाली आणते. ‘.१’ म्हणजे खर्जाची वेगळी वाट असते, ती या मिश्रणात पुष्कळदा गाळलीच जाते. डिस्कवरचा स्टिरिओ ट्रॅक सहसा ध्वनिमुद्रकाने दोन स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो, म्हणून तो असेल तर आपण नव्याने स्टिरिओ करण्याचे कारणच नाही.

माझा सल्ला असा की दोन्ही ट्रॅक ‘पासथ्रू’ने, म्हणजे हात न लावता, जसेच्या तसे एमकेव्ही फाइलमध्ये ठेवावेत आणि स्टिरिओ पहिला ठेवावा, कारण बरेच टीव्ही पहिला ट्रॅकच उचलतात. अडीच तासांच्या चित्रपटात ५.१ ला सुमारे ५०४ एमबी आणि स्टिरिओला २१६ एमबी लागतात. चाळीस चित्रपटांचे दोन्ही ट्रॅक मिळून २९ जीबीच्या आत बसतात. १ टीबीच्या डिस्कवर एवढ्यासाठी काटकसर कशाला?

संत्र्याचीबाग (वरूड)

वरच्या उत्तराशी सहमत आहे, परंतु दोन गोष्टी जोडतो. ज्या डिस्कवर केवळ ५.१ आहे, तिथे स्टिरिओ करावाच लागेल; तेव्हा हँडब्रेकच्या आवाजाच्या पानावरील ‘डीआरसी’ १.५ ते २.५ च्या दरम्यान ठेवून पाहावे. त्याने मोठा आणि हळू आवाज यांतले अंतर कमी होते, म्हणजे कूलरपुढे संवाद टिकतात. पासथ्रू ठेवलेल्या ट्रॅकवर मात्र या आकड्याचा काहीही परिणाम होत नाही. हे न कळल्यामुळे माझी एक अख्खी रात्र वाया गेली होती.

दुसरे, वेष्टनावर ‘५.१’ छापले आहे म्हणून भुलू नये. जुने अनेक चित्रपट मुळात मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचे होते आणि त्यांचे ५.१ डिस्क काढताना तयार केलेले असते. ऑडॅसिटी या आवाज तपासण्याच्या सॉफ्टवेअरला एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर जोडून तो ट्रॅक उघडला की सहा पट्टे दिसतात. मागचे दोन सपाट असतील किंवा पुढच्यांचीच नक्कल असतील, तर स्टिरिओवर निभावावे. एखाद्या डिस्कवर डीटीएस (एसी-३ सारखाच आवाजाचा दुसरा प्रकार) असेल तर केवळ तोच ठेवू नका. मी तसे केले होते, आणि पाहुणे बसलेले असताना टीव्हीवर चित्र सुरू आणि आवाज बंद, अशी फजिती झाली.

वैनगंगाकाठ

दोघांचेही आभार. काल रात्री एका चित्रपटाची प्रत दोन्ही ट्रॅकसह, स्टिरिओ पहिला ठेवून काढली. कूलरच्या ताट्या नुकत्याच बदलल्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्तच घोंघावत होता, तरी टीव्हीचा आवाज १८ वर असताना बोलणे स्वच्छ कळले; आधीच्या प्रतीला तो २७ पर्यंत न्यावा लागत असे.

एक अडचण उरली. नाटकाच्या डिस्कवर स्टिरिओ लिहिलेले आहे, पण आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येतो. त्याचे ५.१ करून काही साधेल का?

कापूसकोंडा

५.१ करून नवा आवाज उत्पन्न होणार नाही. एकाच माइकचा आवाज सहा ठिकाणी वाटला जाईल, एवढेच. व्हिडिओवाल्याने रंगमंचाची वायर कॅमेऱ्याच्या एकाच बाजूला जोडलेली असावी. हँडब्रेकच्या ‘मिक्सडाउन’मध्ये ‘मोनो (लेफ्ट ओन्ली)’ निवडा, म्हणजे तोच आवाज दोन्ही स्पीकरमधून येईल. त्याआधी हेडफोन लावून उजवी बाजू नीट ऐका. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक तिथे चालू असेल, तर प्रेक्षकांच्या टाळ्या आणि वन्समोअर अगदी बारीक आवाजात त्या बाजूला सापडतील. तसे असेल तर मूळ ट्रॅकही पासथ्रूने दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.