फायटेज आणि मिश्र एन्झाईम एकत्र वापरताना दोन्हींचे मॅट्रिक्स पूर्ण धरावे का?

विटा_लेअर

नमस्कार. आमचा पिंजऱ्यातील लेअरचा (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा) फार्म आहे आणि खाद्य आम्ही फार्मवरच दळून मॅश (भरड) स्वरूपात देतो. ५५ आठवड्यांपुढच्या पक्ष्यांसाठी सध्या टनाला मका ५५० किलो, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) २०० किलो, डीओआरबी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा) १२० किलो, मार्बल ग्रिट (कॅल्शियमसाठी संगमरवराचे खडे) ९५ किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १२ किलो, तेल १० किलो आणि उरलेल्यात मीठ, अमिनो आम्ले, टॉक्सिन बाइंडर व प्रिमिक्स असा फॉर्म्युला चालू आहे.

एका पुरवठादाराच्या प्रतिनिधीने दोन उत्पादने सुचवली आहेत. पहिले ५,००० एफटीयू (फायटेजच्या क्रियाशीलतेचे एकक) प्रति ग्रॅम क्षमतेचे फायटेज, म्हणजे धान्यातील अडकलेला फॉस्फरस सोडवणारे एन्झाईम, टनाला १०० ग्रॅम. दुसरे झायलनेज, सेल्युलेज (दोन्ही तंतुमय भाग फोडणारी) आणि प्रोटिएज (प्रथिने फोडणारे) यांचे मिश्र एन्झाईम. फायटेजच्या पत्रकात उपलब्ध (पक्ष्याला वापरता येणारा) फॉस्फरस ०.१२ टक्के, कॅल्शियम ०.१२ टक्के आणि खाद्याच्या किलोमागे ऊर्जा ५० किलोकॅलरी असे मॅट्रिक्स, म्हणजे एन्झाईममुळे जादा मिळतील म्हणून फॉर्म्युल्यात धरायचे पोषकांचे आकडे, छापले आहे. मिश्र एन्झाईमच्या पत्रकात ऊर्जा ८० किलोकॅलरी, प्रथिने अर्धा टक्का आणि शिवाय फॉस्फरस ०.०४ टक्के धरायला सांगितले आहे. दोन्हींची बेरीज करून फॉर्म्युला लावला, तर डीसीपी जेमतेम ३ किलोंवर येतो, तेल पूर्ण निघते आणि सोयाही कमी होतो. कागदावरची बचत मोह पाडणारी आहे, पण या वयात अंड्याचे कवच तसेही नाजूक होऊ लागते, म्हणून हात आखडतो आहे.

अशी बेरीज करणे शास्त्राला धरून आहे का? आणि फॉर्म्युल्याला हात न लावता एन्झाईम नुसते वरून टाकले, तर त्याचा काही उपयोग होतो का?

पोषण_सल्लागार

बेरीज करू नये. कारण सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न सध्या जवळजवळ प्रत्येक फार्मवर निघतो.

आधी फायटेज पाहू. धान्यात आणि पेंडीत जो फॉस्फरस असतो, त्यातील साधारण दोन तृतीयांश भाग फायटेट या संयुगात अडकलेला असतो, आणि तो सोडवण्यापुरते फायटेज कोंबडीच्या स्वतःच्या पचनसंस्थेत नसते. आपल्या फॉर्म्युल्यात मक्यातून सुमारे १ किलो, सोयातून पाऊण किलो आणि डीओआरबीतून दीड किलोहून थोडा अधिक, म्हणजे टनाला अंदाजे ३.४ किलो फायटेट-फॉस्फरस येतो. डीओआरबी प्रमाणाने जेमतेम १२ टक्के असूनही जवळजवळ अर्धा फायटेट तोच आणतो. टनाला १०० ग्रॅम म्हणजे किलोला ५०० एफटीयू. या मात्रेने ०.१२ टक्के, म्हणजे टनाला १.२ किलो फॉस्फरस सुटेल असे पत्रक म्हणते. हा आकडा खाद्यातील फायटेट-फॉस्फरसच्या सुमारे ३५ टक्के आहे आणि तो अवास्तव नाही. मॅट्रिक्स मान्य करण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने करावा, कारण एन्झाईम फॉस्फरस तयार करत नाही, असलेला सोडवते. उद्या डीओआरबी काढून तेथे तांदळाची कणी घातली, तर तेच फायटेज तेवढेच देईल असे समजू नये.

आता ऊर्जेकडे वळू, कारण खरी गफलत तेथे आहे. मक्यातील स्टार्चपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग एन्झाईम न घालताही लहान आतड्याच्या अखेरपर्यंत पचतो आणि सोयाच्या प्रथिनाची पचनीयता साधारण ८५ टक्के असते. म्हणजे कोणत्याही एन्झाईमला सुधारणेसाठी जी जागा मिळते, ती या उरलेल्या, न पचलेल्या भागातच मिळते. प्रत्येक कंपनीने आपला आकडा एन्झाईमविरहित खाद्याशी तुलना करून काढलेला असतो. दोन एन्झाईम एकत्र आली, की दोघेही त्याच उरलेल्या भागावर हक्क सांगतात. पहिल्याने जे पचवून घेतले, ते दुसऱ्यासाठी शिल्लक राहत नाही. म्हणून ५० आणि ८० मिळून १३० होत नाहीत. आपण काढायला निघालेले १० किलो तेल खाद्याच्या किलोमागे जेमतेम ८८ किलोकॅलरी देते, यावरून १३० हा दावा केवढा मोठा आहे ते लक्षात येईल. शिवाय तेलातून मिळणारे लिनोलेइक आम्ल अंड्याच्या आकाराला लागते आणि तेलामुळे मॅशची धूळ दबते. ही दोन्ही कामे कोणतेही एन्झाईम करणार नाही.

झायलनेजचा मोठा गाजावाजा युरोपातून आला, तो तेथील गहू आणि राय यांच्या आहारामुळे. या धान्यांतील विद्राव्य अरॅबिनोझायलन (पेशीभित्तिकेतील तंतुमय पदार्थ) आतड्यातील द्रव चिकट करतात, पचन मंदावते, विष्ठा ओली होते, आणि झायलनेजने हा चिकटपणा मोडला की फरक उघड दिसतो. मक्यातील अरॅबिनोझायलन बहुतांशी अविद्राव्य असतात. तेथे झायलनेज पेशीभित्तिका उघडून आत कोंडलेला स्टार्च आणि प्रथिने मोकळी करते. लाभ आहे, पण लहान आहे आणि मालानुसार बदलणारा आहे. डीओआरबी किंवा सूर्यफूल पेंड जास्त असेल, तर तंतुमय भाग वाढल्याने त्याला काम अधिक मिळते.

माझा सल्ला असा. फायटेजचे फॉस्फरस मॅट्रिक्स धरा, पण पहिल्या टप्प्यात डीसीपी १२ वरून ८ किलोंवरच आणा. यातून ०.७२ किलो फॉस्फरस निघतो, म्हणजे पत्रकातील दाव्याच्या ६० टक्केच आपण वापरतो. त्याबरोबर सुमारे ०.९ किलो कॅल्शियमही निघून जाते, त्यासाठी ग्रिट अडीच किलोने वाढवा, पत्रकातील ०.१२ टक्के कॅल्शियम लेअरमध्ये हिशेबात धरू नका. फायटेजची ऊर्जा शून्य धरा. मिश्र एन्झाईम घ्यायचेच असेल, तर त्याच्या ऊर्जेचा अर्धा भाग धरा आणि त्याचा फॉस्फरस मुळीच धरू नका.

वरून टाकण्याविषयी : पक्ष्याची गरज आधीच भागत असेल, तर सुटलेला जादा फॉस्फरस विष्ठेतून बाहेर जातो. त्यामुळे चांगल्या फॉर्म्युल्यावर वरून टाकलेले एन्झाईम बहुधा बिलातच दिसते, अंड्यांत दिसत नाही. कच्चा माल फार बेभरवशाचा असेल, तर सुरक्षेसाठी तसे टाकणे समजू शकते, पण मग त्याला बचत म्हणू नये.

नाशिक_कुक्कुट

वरील हिशेबाशी सहमत आहे. त्यात फक्त मिसळण्याची बाजू जोडतो, कारण पत्रकात ती एका ओळीत उरकलेली असते.

१०० ग्रॅम भुकटी थेट एक टनाच्या मिक्सरमध्ये टाकली, तर काही पक्ष्यांना दुप्पट आणि काहींना काहीच मिळणार नाही. आमच्याकडे ती आधी एक किलो बारीक दळलेल्या मक्यात हाताने, मग दहा किलोंत छोट्या ड्रममध्ये आणि त्यानंतर मोठ्या मिक्सरमध्ये जाते. उभा मिक्सर असेल, तर आडव्या रिबन मिक्सरपेक्षा त्याला स्पष्टपणे जास्त वेळ द्यावा लागतो. कोलीन क्लोराइड आणि खनिज मिश्रण यांच्यासोबत एकाच पोत्यात एन्झाईम महिनोन्‌महिने ठेवू नये. कोलीन हवेतील ओलावा ओढून घेते आणि एन्झाईमची ताकद उतरते. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत ठेवलेल्या पिशवीबद्दल तर बोलायलाच नको.

आपण मॅश देता ही जमेची बाजू आहे. पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या) करताना ८० ते ९० अंश सेल्सियस तापमानाची वाफ लागते, त्यात साधे एन्झाईम टिकत नाही, आणि मग आवरण दिलेले किंवा पेलेटनंतर फवारायचे महागडे उत्पादन घ्यावे लागते. प्रतिनिधी आपल्याला उष्णतारोधक म्हणून जादा दर लावत असेल, तर मॅशसाठी तो खर्च कशाला करायचा, असे त्याला जरूर विचारा.

लेअर_पशुवैद्य

पोषणाचे गणित बरोबर आहे, पण डीसीपी उतरवल्यावर नजर कशावर ठेवायची, यात बहुतेक जण चुकतात. सगळे कवचाकडे पाहतात. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते, त्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि फॉस्फरस नगण्य असतो. फॉस्फरस कमी पडला, तर पक्षी आधी हाडांतून उचल घेतो आणि कवच बराच काळ ठीक राहते. म्हणून पिंजऱ्यात बसून राहणारी, उभी करता खाली कोसळणारी कोंबडी, छातीच्या हाडाला आलेला बाक आणि शवविच्छेदनात बोटाच्या दाबाने वाकणाऱ्या फासळ्या या खुणा पाहाव्यात. मरतुकीतील प्रत्येक पक्ष्याची फासळी वाकवून पाहायला अर्धा मिनिट लागतो. उलट केवळ कवच पातळ झाले म्हणून डीसीपी वाढवणे चुकीचे ठरू शकते, कारण जादा फॉस्फरसनेही कवच बिघडते.

दुसरा मुद्दा ग्रिटचा. बारीक चुनखडीची पूड क्रॉप (गळ्याजवळील अन्नाची पिशवी) आणि गिझार्ड (अन्न दळणारे स्नायूमय जठर) यांतील आम्लता कमी करते आणि तिचे कॅल्शियम फायटेटला चिकटते. फायटेजचे मुख्य काम नेमके तेथेच, आम्लधर्मी वातावरणात होत असते. जाड, २ ते ४ मिलिमीटरचे खडे हळू विरघळतात, त्यामुळे फायटेजला कमी अडथळा होतो आणि रात्री कवच तयार होत असताना कॅल्शियमचा पुरवठाही चालू राहतो. या वयात निम्म्याहून अधिक कॅल्शियम जाड खड्यांतून द्यावे. आपल्या ९५ किलोंत पूड किती आणि खडे किती, हे एकदा चाळून पाहा. मार्बल ग्रिट म्हणून आलेल्या पोत्यात तळाला पिठूळ माल बराच निघतो.

तिसरे म्हणजे टक्केवारीवर विसंबू नका, पक्ष्यामागे मिलिग्रॅम मोजा. खाद्यात ०.३४ टक्के उपलब्ध फॉस्फरस असेल, तर ११२ ग्रॅम खाणाऱ्या पक्ष्याला ३८० मिलिग्रॅम मिळतो आणि उन्हाळ्यात ९५ ग्रॅमवर आलेल्या पक्ष्याला ३२० च मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची १९९४ ची शिफारस दिवसाला २५० मिलिग्रॅमची आहे; त्यावर थोडा राखीव असू द्यावा, आणि डीसीपीची दुसरी कपात मार्च ते जूनमध्ये करू नये.

विटा_लेअर

सर्वांचे आभार. डीसीपी ८ किलो, ग्रिट अडीच किलो जादा आणि तेल जसेच्या तसे, असे आता ठरवले आहे. मिश्र एन्झाईम तूर्त घेत नाही. एक उपप्रश्न आहे. मक्याचे डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) सध्या बऱ्या दरात मिळते. डीओआरबीतील ५० किलो काढून त्या जागी ते घेतले, तर फायटेजचे हे गणित बदलेल का?

पोषण_सल्लागार

बदलेल, पण आपल्या बाजूने. इथेनॉलसाठी मका आंबवताना फायटेटचा बराच भाग आधीच मोडतो, त्यामुळे डीडीजीएसमधील फॉस्फरस मक्याच्या तुलनेत कितीतरी अधिक उपलब्ध असतो. ५० किलो डीओआरबी निघाल्याने टनामागे सुमारे पाऊण किलोच्या आत फायटेट-फॉस्फरस कमी होईल. तरीही आपण फायटेजकडून मागत असलेले ०.७२ किलो उरलेल्या साठ्यातून सहज सुटावेत. म्हणून डीसीपी ८ किलोंवरच ठेवा, डीडीजीएसच्या नावाने आणखी कपात करू नका.

काळजी दुसऱ्याच गोष्टीची घ्या. स्टार्च निघून गेल्यावर मक्यातील अफलाटॉक्सिन (बुरशीचे विष) डीडीजीएसमध्ये सुमारे तिप्पट दाट होते, त्यामुळे प्रत्येक गाडीचा नमुना तपासल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका. रंग गडद तपकिरी असेल आणि जळकट वास येत असेल, तर वाळवताना लायसिन हे अमिनो आम्ल जळालेले असते. असा माल स्वस्त मिळाला तरी परत पाठवावा, कारण ते लायसिन प्रोटिएज घालूनही परत मिळत नाही.