मदत हवी आहे: मुंबई विमानतळावर टर्मिनल २ (टी २) ते टर्मिनल १ (टी १), साडेतीन तास पुरतील का?

नमस्कार मंडळी. गणपतीला आईबाबा लंडनहून घरी कुडाळला येतायत. मुंबईत टी २ ला पहाटे ४.१० ला उतरणार, पुढचं मोपाचं (गोव्यातलं विमानतळ) विमान ७.४० ला, टी १ वरून. तिकिटं वेगवेगळी, म्हणजे पहिलं लेट झालं तर दुसरी कंपनी हात वर करणार, हे ठाऊक आहे.

बॅगा मुंबईतच घेऊन कस्टम्समधून न्याव्या लागतात, हा धडा गेल्या वेळी मिळाला. काउंटरवर "बॅग थेट गोव्याला" म्हणाले, आईने विश्वास ठेवला आणि बॅग मुंबईच्या पट्ट्यावर फिरत राहिली. ऐन चवथीला बाबांचं सोवळं त्यातच!

दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय. हेल्पलाइनला दोनदा फोन केला, दोन वेगळी उत्तरं मिळाली. कोकण रेल्वेचं म्हणाल तर ६० दिवस आधी बुकिंग उघडलं त्याच सकाळी वेटिंग. हायवेने गाडी बाबांच्या कमरेला झेपणार नाही. चिपीचं (सिंधुदुर्ग) विमानतळ जवळ पडलं असतं, पण वेळा जुळत नाहीत. मी स्वतः कुडाळात, मुंबईला जाऊ शकत नाही.

व्हीलचेअरवाला माणूस टी २ च्या दारात टॅक्सीपर्यंतच सोडतो, की टी १ पर्यंत सोबत येतो? आणि इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी, पुन्हा चेक-इन हे सगळं म्हाताऱ्या माणसांसोबत साडेतीन तासांत अलीकडे कोणी केलंय का, की शुक्रवारच्या आत तिकीट बदलून दुपारचं विमान घेऊ?