मदत हवी आहे: एव्हीएमसाठी अल्कोहोल इंजेक्शन, हृदयावर ताण येतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. माझ्या भाचीच्या (वय १९) पोटरीत जन्मापासून रक्तवाहिन्यांची गाठ आहे, एव्हीएम. मिरजेत एमआरआय, अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, शुद्ध इथेनॉल टोचून आतल्या वाहिन्या बंद करू, पण ते पुण्याला किंवा मुंबईला करावं लागेल. आजी माळकरी, ती तर "पोरीला दारू टोचणार?" म्हणून हबकलीच!

माझी काळजी वेगळी आहे. इथेनॉल वाहिनीचं आतलं अस्तर जाळतं, म्हणून गुण चांगला येतो. पण थोडं शिरेवाटे हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुफ्फुसात पोचतं. फुफ्फुसातल्या धमन्या आकसल्या की तिथला दाब वाढतो, पण अंगातलं बीपी पडतं, ठोके मंदावतात. क्वचित हृदय बंदही पडू शकतं. म्हणून पूर्ण भूल देतात आणि एका वेळचा एकूण डोस साधारण किलोमागे १ मिलीच्या आत ठेवतात, तोही थांबत थांबत. भाचीचं वजन ४२ किलो, त्यात ती जिना चढली तरी धापते.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: फुफ्फुसातला दाब मोजायला नळी घातली होती का? आधी टूडी इको केला का? नंतर आयसीयूत ठेवलं का? लघवी लाल झाली होती का? कातडी काळी पडणं, पाय बधिर होणं असलं काही झालं का?

भूलतज्ज्ञ कुणी असाल तर जरूर लिहा. आयुर्वेदिक लेप कृपया सुचवू नका, ते सगळे लावून झालेत.