मदत हवी आहे: गॉर्डन स्मिथचे युद्धकाळातले गोल कसे मोजायचे?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी गॉर्डन स्मिथवर लेख लिहिते आहे. स्कॉटलंडचा फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे डेनिस लॉ आणि डॅल्ग्लिश यांची नावं निघतात. स्मिथ त्यांच्या आधीचा, उजव्या बाजूचा विंगर. एडिनबरोच्या हिबर्नियन (हिब्स) क्लबच्या 'फेमस फाइव्ह' या पाच आघाडीपटूंमधला: स्मिथ, जॉन्स्टन, राइली, टर्नबुल, ऑर्मंड.

त्याने लीग तीन क्लबांकडून जिंकली. हिबर्नियनकडून १९४८, १९५१ आणि १९५२, हार्ट्सकडून १९६०, डंडीकडून १९६२. यात रेंजर्सही नाही आणि सेल्टिकही नाही, म्हणजे लीगवर वर्चस्व असलेले दोन्ही क्लब नाहीत, हे किती अवघड आहे ते तिथली लीग पाहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. युरोपियन कपमध्येही तो या तिन्ही क्लबांकडून खेळला. १९५९ मध्ये हिब्सने त्याला सोडलं तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि घोटा दुखावलेला. शस्त्रक्रियेचा खर्च त्याने स्वतः केला, एडिनबरोतल्याच प्रतिस्पर्धी हार्ट्समध्ये गेला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला. पुढे १९६२-६३ च्या युरोपियन कपमध्ये डंडीने कोलोनला ८-१ ने हरवून सुरुवात केली आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे मिलान भारी पडलं. स्मिथ तेव्हा अडतीस वर्षांचा होता! हा भाग लिहून झाला आहे, त्याची चिंता नाही.

अडलंय ते सुरुवातीपाशी. १९३९ मध्ये युद्धामुळे नेहमीची लीग बंद पडली आणि पूर्ववत झाली ती १९४६-४७ च्या हंगामात. मधल्या काळात हिब्स सदर्न लीग या युद्धकाळातल्या प्रादेशिक लीगमध्ये खेळत होते. स्मिथवर हार्ट्सचाही डोळा होता, पण हिब्सचे मॅनेजर विली मॅकार्टनी यांनी आधी गाठून त्याची सही घेतली. एप्रिल १९४१ मध्ये सोळा वर्षांच्या या पोराने पहिल्याच सामन्यात हार्ट्सविरुद्ध हॅटट्रिक केली, हिब्स ५-३ ने जिंकले. (मॅकार्टनी जानेवारी १९४८ मध्ये वारले. त्याच हंगामात हिब्स विजेते झाले, ते त्यांना पाहायला मिळालं नाही.)

ही हॅटट्रिक अधिकृत लीग-आकड्यांत नाही. हिब्ससाठी त्याचे तीनशेहून जास्त गोल सांगितले जातात, त्यात युद्धकाळातले धरलेले असतात. ते वगळले तर त्याची उमेदीची पाच वर्षं पुसली जातात, आणि मला हे अन्यायाचं वाटतं. सरसकट धरले तर त्याचा संघसहकारी राइलीशी लेखात केलेली तुलना खोटी ठरते, कारण राइलीची बहुतेक कारकीर्द युद्धानंतरची.

तुम्ही काय कराल? आणि १९४१ ते ४६ चे सामन्यांचे वृत्तांत कुठे वाचायला मिळतील?

प्रतिसाद:

ताई, बेरीज करूच नका. दोन वेगळे रकाने ठेवा, 'युद्धकाळ' आणि 'लीग व कप'. तुलना फक्त दुसऱ्या रकान्यावर करा, पहिल्याची गोष्ट सविस्तर सांगा. देशाकडून खेळलेल्या सामन्यांनाही हेच लावा. त्याचे अधिकृत सामने १८ आहेत, युद्धातले आंतरराष्ट्रीय सामने त्यात येत नाहीत.

मी एडिनबरोत राहतो. जॉर्ज द फोर्थ ब्रिजवरच्या नॅशनल लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर आहेत. स्कॉट्समन आणि इव्हनिंग न्यूज दोन्ही पाहावे लागतील. युद्धात कागदाची टंचाई होती, त्यामुळे वृत्तांत त्रोटक असणार. नेमक्या तारखा कळवा, शनिवारी जाऊन फोटो काढून पाठवतो.