पुन: १५ नोव्हेंबर, किल्ला स्पर्धा आणि पाट्या

मंडळी,
कार्यकारिणीतल्या कोणीतरी आज रात्रीपर्यंत उत्तर द्या, पालकांचे फोन मला येताहेत. १५ला इथे व्हरमाँटमध्ये हरणांच्या शिकारीचा रायफल हंगाम उघडतोय. दरवर्षीच थँक्सगिव्हिंगच्या बारा दिवस आधीच्या शनिवारी उघडतो. आपण नेमका तोच शनिवार किल्ला स्पर्धेला धरलाय, तोही श्रीकांतदादांच्या चाळीस एकरांत, जिथे 'शिकारीला मनाई'ची धड एक पाटी नाही. मुलं दगड-माती शोधत झाडीत शिरणारच. तारीख बदलायची की पाट्या लावायच्या, एवढंच सांगा.
वैशाली

---

वैशाली, पाट्या आहेत. फाटकाजवळच्या दोन पिवळ्या मी कोजागिरीला स्वतः पाहिल्या. आणि लोकांच्या खासगी जमिनीत न विचारता कोण घुसतंय? ही अमेरिका आहे. उगाच घाबरवू नका.
सुधीर

---

सुधीरकाका, त्या आधीच्या मालकाच्या आहेत. त्यांच्यावर २०१४ लिहिलंय. व्हरमाँटमध्ये पाटीवर दरवर्षी नवी तारीख घालावी लागते, शिवाय टाउन क्लार्ककडे, म्हणजे गावच्या कचेरीत, दरवर्षी नोंद, ५ डॉलर फी, फॉर्म तीन प्रतींत. हे नसेल तर जमीन शिकाऱ्यांना मोकळी. नवं खूळ नाही हे, १७७७च्या राज्यघटनेपासून आहे: रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या दुसऱ्यांच्या जमिनीवरही शिकारीची मुभा. दादांकडे कुंपण म्हणजे ती पडकी दगडी भिंत, जिच्यावर आपण भजी खात बसतो.

पाटी प्रत्येक कोपऱ्यावर हवी आणि दोन पाट्यांत ४०० फुटांहून जास्त अंतर नको. चाळीस एकर चौरस धरले तर घेर बरोबर एक मैल, ५२८० फूट. म्हणजे १४ पाट्या.
मंदार

---

१४ नव्हे, १६. एक बाजू १३२० फूट. कोपरे धरून ४००च्या आत बसवायचं तर प्रत्येक बाजूचे चार भाग पडतात. चार चोक सोळा. आणि जमीन चौरस नाहीच, ओढ्याकडे ती जीभ बाहेर आलीय. २० धरून चाला.
प्रभाकर

---

२० काय, २ पाट्यांचाही खर्च मंडळ करणार नाही. जमीन श्रीकांतची आहे. तंबूच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.
नीता (खजिनदार)

---

नीताताई, तंबूचा विषय मागच्या सभेत संपला होता.
मंदार

---

पाटी ठोकण्याआधी करांचं बघा. जमीन 'करंट यूज'मध्ये, म्हणजे शेती-जंगलाच्या जमिनीला कमी कर लावणाऱ्या योजनेत असेल आणि लोकांना खुली ठेवली असेल तर आकारणीत आणखी २० टक्के सूट मिळते. पाटी लागली की ती गेली. आमच्या शेजाऱ्यांनी याच कारणाने काढल्या.
अजय

---

अजय, तू नदीपलीकडे न्यू हॅम्पशायरात राहतोस. ती सूट तिकडची. व्हरमाँटच्या करंट यूजला पाटीचं वावडं नाही.
मंदार

---

माझी बहीण पेनसिल्व्हेनियात असते. तिथे २०२०पासून झाडांवर जांभळे पट्टे मारले की झालं. आठ इंच लांब, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर. एक डबा रंग आणि दोन उत्साही बाबा! आपल्याकडे का नाही?
शुभदा

---

कारण इथल्या कायद्यात पाटी म्हटलंय, शुभदाताई. जांभळं झाड बघून इथला शिकारी फारतर म्हणेल, छान आहे.
मंदार

---

आमच्या गुहागरकडच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. डुकराची पारध निघाली की अख्खी वाडी हाकाऱ्याला. कोणाच्या कलमांतून जातोय हे कोणी विचारत नसे, फक्त ज्याच्या हद्दीत डुक्कर पडलं त्याच्या घरी वाटा जायचा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ती बंदूक माळ्यावर गेली ती गेलीच. इथे डिसेंबरात ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो हे कळलं तेव्हा मला गहिवरून आलं होतं.
सुधीर

---

काका, मघाशी तुम्हीच म्हणालात, न विचारता कोण घुसतंय!

मुद्द्याचं बोलते. पोरं मावळे होऊन येणार आहेत. पांढरे अंगरखे. १९८८ साली मेन राज्यात हर्मन गावी एक बाई आपल्याच घराच्या मागे उभी होती. हातात पांढरे हातमोजे. शिकाऱ्याला ती हरणाची शेपटी वाटली. बाई गेली, आणि खटल्यात तो सुटला. पुढे मेनने कायदा केला की आधी नीट ओळखा, मग चाप ओढा. त्या बाईला त्याचा काय उपयोग.
वैशाली

---

मंडळी,
माझ्या जमिनीवर इतकं लिहून झालं, मला फोन एकाचाही नाही. असो.

हद्दीवर पाट्या लावणार नाही. भिंतीपलीकडचे म्हातारबुवा त्यांच्या वडिलांपासून या झाडीत शिकार करतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात गाडी चरात गेली तेव्हा ट्रॅक्टर घेऊन तेच आले होते. दर डिसेंबरात दारात हरणाच्या मांसाचं पुडकं ठेवतात. ही शाकाहारी, ती आभार मानते आणि मी शिजवतो. त्यांच्या नाकासमोर मनाईची पाटी ठोकायची? 'परवानगीनेच शिकार' अशीही पाटी मिळते, पण त्यांनी माझी परवानगी काढायची म्हणजे भाडेकरूने वाड्याच्या मालकाला दम देण्यासारखं.

काल त्यांना विचारलं. १५ला ते नऊच्या आत बाहेर पडतील, आपली मुलं अकराला येतात. बाकी कोणी दिसलाच, तर पाटी नसली तरी मालकाने 'निघा' म्हटल्यावर त्याला निघावंच लागतं, तोही कायदाच आहे. मी दिवसभर बाहेर उभा राहीन. शिवाय घराभोवती ५०० फुटांच्या आत 'सेफ्टी झोन', म्हणजे गोळी झाडायला मनाई असलेला पट्टा, आखता येतो. त्या पाट्या लावतो, माझ्या खर्चाने. मुलांनी त्याच्या आत राहायचं.
श्रीकांत

---

दादा, त्या ५०० फुटांत माती कुठाय, नुसता खडक. चिलखती बुरूज बांधायला चिकणमाती लागते.
शुभदा

---

रायगड खडकावरच आहे.
प्रभाकर

---

दादा, ठीक आहे, पण अंगरख्यावर प्रत्येकाला नारिंगी बनियन सक्तीचं. इथे कायद्याने सक्ती नसली तरी. आणि भगवा फेटा आहेच, असं मला कोणी सांगू नका, तो रंग झाडीत पानांत मिसळतो. चकाकणारा नारिंगीच हवा.
वैशाली

---

गणपतीच्या पार्किंगवाल्यांची जाकिटं कपाटात आहेत ना? ती पिवळी आहेत की नारिंगी? किल्ली कोणाकडे?
सुधीर

---

नारिंगी. मोठ्यांच्या मापाची. किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. ज्यांना हवीत त्यांनी गुरुवारी सातनंतर यावं, सही करून न्यावीत.
नीता (खजिनदार)